कपाटाला टेकवलेला बेस

प्रश्न थोडक्यात: पत्र लिहिणारा तरुण २५ वर्षांचा आहे. ठाण्यात आईवडिलांसोबत राहतो आणि तीन वर्षांपासून ऐरोलीला आयटीत नोकरी करतो. लहानपणी इतका अबोल, की प्रगतिपुस्तकात दरवर्षी ‘वर्गात बोलत नाही’ हा शेरा ठरलेला. सातवीत असताना शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका दादाने घर बदलताना आपला जुना बेस, म्हणजे खर्जाच्या सुरांची गिटार, त्याला देऊन टाकला. ॲम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) नव्हता, म्हणून बेसचं टोक लाकडी कपाटाला टेकवून तो वाजवायचा, की कपाट घुमायचं. पुढे इंजिनिअरिंग कॉलेजातला बँड, मग दोन-तीन हौशी बँड. आता महिन्याला आठ-नऊ शो करणाऱ्या एका व्यावसायिक रॉक बँडने त्याला कायमचा बेसिस्ट म्हणून बोलावलं आहे. त्यांना गणपतीच्या आत उत्तर हवं आहे आणि त्यासाठी नोकरी सोडावी लागेल असं त्यांचं म्हणणं आहे. बँडचा गायक म्हणतो, ‘वाजवतोस भारी, पण स्टेजवर खांबासारखा उभा राहतोस.’ वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते, तो कारखाना मधेच बंद पडला. पत्रलेखक विचारतो: ताई, माझ्यासारख्या घुम्या माणसाने या वाटेला जावं का? स्वभाव बदलता येतो का? नोकरी सोडू का? आणि बाबांना कसं सांगू?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्न वाचले. दुसऱ्यांदा त्या कपाटापाशीच रेंगाळले. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि पत्रात काय नाही ते शोधलं. तारा कोणत्या वापरतोस, ॲम्प किती वॉटचा, कोणत्या गाण्यात बोटं अडखळतात, सगळं आहे. पण हा बँड तुला एका शोचे किती देणार, तो आकडा कुठेच नाही. आणि ‘बाबांना पटणार नाही’ हे वाक्य चार वेळा आलंय, पण बाबांचं स्वतःचं एकही वाक्य नाही. या दोन रिकाम्या जागांकडे मी येणार आहे. आधी स्वभावाचं बोलू, कारण तू त्यालाच अडचण समजून बसला आहेस.

तू स्वतःला ‘घुमा’ म्हणतोस. नातेवाइकांनी चिकटवलेला शब्द असणार. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला तो येतो. पण त्याच पत्रात तू लिहितोस, की बेस टेकवला की कपाट घुमायचं. तुझ्या लक्षात आलं का माहीत नाही, पण तोच शब्द तू एकदा स्वतःला नावं ठेवायला वापरला आहेस आणि एकदा लहानपणीच्या सगळ्यात आनंदाच्या आठवणीसाठी.

त्या कपाटाचा जरा विचार कर. ॲम्पशिवाय बेसचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकालाही धड पोहोचत नाही. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. हा इतका खोल खर्ज, की कानाला कळायच्या आधी छातीला कळतो. तुला तो कोणाला ऐकवायची सोयच नव्हती. म्हणून तू वर्षानुवर्षं फक्त ऐकलंस: कोणता सूर कपाटाच्या कोणत्या फळीत घुमतो, बोट जरा आधी उचललं तर काय होतं, तार दाबून सोडली तर काय होतं. सोसायटीच्या गॅदरिंगमध्ये पहिल्याच वर्षी टाळ्या मिळवणाऱ्या मुलाला हे शिक्षण सहसा मिळत नाही. ‘बालपण शांत गेलं, तरीही मी वादक झालो’ असं तू लिहितोस. त्यातला ‘तरीही’ मी पेन्सिलने खोडला आहे.

माझं माहेर चेंदणी कोळीवाड्यातलं. आमच्या भजनी मंडळात एक पखवाजवाले काका होते. बुवा गायचे, हातवारे करायचे, बायकांना रडवायचे, पोरांना हसवायचे. काका मान खाली घालून वाजवायचे आणि संपलं की पखवाजाला गवसणी घालून निघून जायचे. एका एकादशीला ताप आला म्हणून ते आले नाहीत, पखवाजावर दुसरं कोणीतरी बसलं. बुवा तेच, अभंग तेच, पण अर्ध्या तासात लोक उठायला लागले. काय बिघडलंय ते कोणालाच सांगता येत नव्हतं. बेसचं तसंच असतं. तो आहे हे चारचौघांना जाणवत नाही, पण तो गेला की सगळ्यांना जाणवतं.

बँडमध्ये तुझी जागा त्या काकांची आहे. ड्रमरची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि तुझा बेस एकमेकांत नीट बसले, म्हणजे तुम्ही म्हणता तसे ‘लॉक’ झाले, की वरच्या गिटारला आणि गायकाला हवं तिथे जाता येतं. गायकाने लोकांकडे बघायचं असतं, तू ड्रमरकडे. त्याने तुला खांब म्हटलं याचं तुला वाईट वाटलं. पण मांडवातला खांब काढला तर काय होतं, ते त्यालाही ठाऊक असणार, म्हणून तर कायमचं बोलावणं आलं.

रॉक म्हणजे आरडाओरडा करणाऱ्यांचं काम ही समजूत पोस्टरं बघून होते. ‘द हू’ या ब्रिटिश बँडमध्ये गायक माइक गरगर फिरवायचा, गिटारिस्ट गिटार आपटून फोडायचा, ड्रमर ड्रम उलथेपालथे करायचा. आणि त्यांचा बेसिस्ट जॉन एन्टव्हिसल एका जागी उभा राहून फक्त बोटं चालवायचा. आजही बेस शिकणारी मुलं त्याची ती बोटं बघत बसतात. बँड पूर्णवेळ सुरू होण्याआधी तो कर खात्यात कारकून होता. ‘रोलिंग स्टोन्स’ या दुसऱ्या ब्रिटिश बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स जाहिरातीच्या क्षेत्रात ग्राफिक डिझायनर होता. १९६३ मध्ये तो बँडमध्ये आला आणि २०२१ मध्ये वारला तोवर तिथेच राहिला, तसाच मितभाषी. आणि ‘असं खुलायला हवं’ म्हणून ज्याचं उदाहरण तुला हमखास दिलं जात असेल, तो ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी? आपल्या पाचगणीच्या शाळेत, वसतिगृहात राहून शिकलेला पारशी मुलगा. तिथल्या शाळकरी मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये मुख्य गायक दुसराच होता. हा पियानोवर असायचा. पुढे स्टेडियमं डोलवणारा हा माणूस स्टेजवरून उतरला की बुजरा असायचा, हे त्याला ओळखणाऱ्यांनी वारंवार सांगितलं आहे.

तेव्हा स्वभाव बदलायचा नाद सोड. स्टेजवर उभं राहणं ही सवय आहे, आणि सवय लावून घेता येते. गाणी इतकी पाठ कर, की मान वर करायला मोकळीक मिळेल. बहुतेक वेळा आपण बोटांकडे बघतो म्हणून बुजरे दिसतो. ड्रमरच्या हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या, बाजूला उभा राहा, त्याच्याशी नजरानजर होत राहील आणि तुझं लक्ष गर्दीवरून उडेल. पुढच्या शोचं मोबाइलवर चित्रण करून घे आणि आवाज बंद करून बघ. कुठे अवघडलेला दिसतोस आणि कुठे नुसताच रमलेला, ते तुझं तुलाच दिसेल. रमलेला दिसतोस तिथे काहीही करू नकोस.

आता थोडं कठोर बोलते. तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गप्प बसण्यांची गल्लत झाली आहे. एक गप्प बसणं ऐकण्यासाठीचं. ते तुला कपाटाने शिकवलं, ते जप. दुसरं गप्प बसणं टाळण्यासाठीचं. मागच्या महिन्यात साउंडचेकला, म्हणजे शोआधीच्या आवाजाच्या चाचणीला, तुझ्या मॉनिटरमध्ये (वादकाला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) ड्रम येत नव्हते, तू बोलला नाहीस आणि सगळा सेट अंदाजाने वाजवलास. गेल्या वर्षी एका हौशी बँडने दोन शोचे पैसे दिले नाहीत, तू विचारलं नाहीस. हे दोन्ही प्रसंग तू ‘मी असाच आहे’ म्हणून सांगितलेस. मला त्यात स्वभाव दिसत नाही, त्यात भीती दिसते. भीती वाटण्यात कमीपणा नाही, पण तिला स्वभावाचं नाव दिलं की ती कधीच जात नाही.

आणि व्यावसायिक बँडमध्ये नेमकं हेच दुसरं गप्प बसणं चालत नाही. साउंडचेकला ‘दादा, माझ्या मॉनिटरमध्ये किक जरा वाढवा, गिटार थोडी उतरवा’ एवढंच म्हणायचं असतं. साउंडवाला त्याच वाक्याची वाट बघत असतो. घरी आरशासमोर नव्हे, जॅमरूममध्येच, बँडच्या सरावाच्या खोलीत, ते वाक्य दर वेळी मोठ्याने म्हणायची शिस्त लाव.

पैशांचं बोलणं तोंडी जमत नसेल तर लिहून कर. आजकाल सगळं मेसेजवर ठरतंच. विचार: एका शोमागे माझ्या वाट्याला किती? शो झाल्यावर किती दिवसांत? आयोजकाने पैसे थकवले तर आपण वाट बघायची की बँडच्या गंगाजळीतून मिळणार? बाहेरगावचं तिकीट, राहणं, जॅमरूमचं भाडं कोणाकडे? शो ऐनवेळी रद्द झाला तर? सहा महिन्यांनी मी किंवा तुम्ही थांबायचं ठरवलं तर किती दिवस आधी सांगायचं? असं विचारल्यावर जो बँड नाराज होईल, तो पुढे पैशांवरूनही नाराज होणार. आत्ताच कळलेलं बरं. या वाटेवरच्या सगळ्यांनाच माझं हे सांगणं आहे, मग ते पबमध्ये वाजवोत की लग्नात.

हिशेब करताना ‘महिन्याला नऊ शो’ या आकड्यावर बारा महिने मोजू नकोस. समजण्यासाठी धरू, की एका शोचे तुला ४,००० मिळतात. नऊ शोचे ३६,००० होतात. पण आपल्याकडे मोकळ्या मैदानातले कार्यक्रम पावसाळ्यात जवळपास बंद असतात, कॉलेजांचे फेस्टिव्हल हिवाळ्यात येतात, परीक्षांच्या दिवसांत पुन्हा शुकशुकाट. जुलैत दोनच शो लागले तर तुझे ८,००० होतात आणि आईचं किराण्याचं सामान तेवढंच राहतं. बँडकडे गेल्या वर्षभराच्या शोच्या तारखा माग. नुसत्या तारखा. त्यावरून जे कळेल ते कोणाच्या बोलण्यावरून कळणार नाही.

अजून एक गोष्ट, जी तरुण वादक मैत्रीच्या भरात विसरतात. हा बँड स्वतःची गाणीही करतो असं तू लिहिलंस. चाल कोणाची, शब्द कोणाचे, हे गाणं प्रसिद्ध व्हायच्या आधी चौघांनी मिळून लिहून ठेवा. गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणारी ‘आयपीआरएस’ ही संस्था १९६९ पासून आहे, आणि कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क सहजासहजी कोणाला लिहून घेता येत नाही. पण त्यासाठी गाण्यावर तुझं नाव चढलेलं असायला हवं. ज्या गाण्याची सुरुवातच तुझ्या बेसच्या तुकड्यावर उभी आहे, त्यात तुझा वाटा किती, हे गाणं गाजल्यावर ठरवायला बसलात तर बँड फुटतो.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं, ते सांगूनच टाकते. ‘आमच्याकडे हळदीच्या कार्यक्रमांत वाजवणारे आहेत, पण ते काही प्रोफेशनल म्युझिक नव्हे.’ का नव्हे? घणसोलीच्या, कोपरखैरण्याच्या, दिव्याच्या गावठाणात हळदीच्या रात्री बेंजो, पॅड आणि कीबोर्ड घेऊन तासन् तास वाजवणारी मुलं बघ. वेळेवर येतात, गर्दीचा नूर ओळखून ठेका बदलतात, जादा केबल जवळ ठेवतात, पैसे मोजून घेतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात हजर असतात. ज्याला तू ‘प्रोफेशनल’ म्हणतोस ते हेच. रॉक तुझं प्रेम आहे, ते राहू दे. पण ज्या बेसवादकाला रॉकही येतं, ऑर्केस्ट्राही पेलतो आणि अभंगाच्या मागेही उभं राहता येतं, त्याचा जुलै जरा कमी कोरडा जातो. ‘अभंग रिपोस्ट’सारखा बँड गिटार, बेस, ड्रम घेऊन अभंगच गातो आणि तरुण पोरं माना डोलावत ऐकतात. तुझ्या वाटेला इतके फाटे आहेत, ते आधीच बंद करू नकोस.

आता नोकरी. तू विचारलंस, ‘सोडू की नको?’ माझं स्पष्ट मत असं: आज राजीनामा देऊ नकोस आणि बँडला नकारही देऊ नकोस. त्यांना सांग, ऑक्टोबर ते मार्च हा एक हंगाम मी तुमच्याबरोबर वाजवतो. शुक्रवार ते रविवारचे सगळे शो माझे, आठवड्यातल्या मधल्या दिवसांच्या शोंना रजा टाकून येईन, आणि ज्या दोन-चार तारखांना अजिबातच जमणार नाही तिथे माझ्या बदली वाजवणारा मीच तयार करून देईन. त्याला गाण्यांचे चार्ट (कुठे काय वाजवायचं त्याचे कागद) देईन, त्याची एक प्रॅक्टिस घेईन. बदली माणूस पाठवणं या धंद्यात नवीन नाही. मार्चनंतर दोघांनी बसून ठरवायचं. ते म्हणतील, ‘पूर्णवेळ हवा, नाहीतर नको,’ तर निदान त्यांची खरी अट कळेल. मात्र आधी तुझं नेमणूकपत्र काढून वाच. बाहेर पैसे घेऊन काम करायला मनाई असेल तर कंपनीकडून मेलवर परवानगी घे, चोरून करू नकोस.

या सहा महिन्यांत एक वही ठेव. डावीकडे तारीख आणि आलेले पैसे, उजवीकडे किती वाजता घरी आलो आणि मंगळवारच्या प्रॅक्टिसला कसं वाटलं. मंगळवार मुद्दाम म्हणते आहे. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड ऐकून परत येताना तू ‘हेच करायचं’ असं ठरवलंस. त्या रात्री मनात आलेलं खोटं नाही, पण त्या रात्रीच्या जिवावर राजीनामा लिहू नये. तुझं रोजचं आयुष्य तुर्भ्याच्या त्या गाळ्यातल्या जॅमरूममध्ये जाणार आहे. तेच गाणं अकराव्यांदा, एसी बंद, गिटारिस्ट उशिरा, आणि खांद्यावर बेस घेऊन ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून घरी. मार्चपर्यंतचे मंगळवार चाळून बघ. तिथेही तुला परत जावंसं वाटत असेल, तर मग नोकरीबद्दल मला विचारायची गरजच राहणार नाही.

सोडायची वेळ आली तर दोन गोष्टी आधी. वर्षभराचा घरखर्च बाजूला, आणि स्वतःच्या व आईबाबांच्या नावाचा आरोग्य विमा हातात. आज तुम्ही तिघे कंपनीच्या विम्यात आहात. राजीनाम्याबरोबर ते छत जातं आणि साठीच्या पुढच्या माणसांना नवा विमा काढायला वेळही लागतो, पैसेही. ‘इंडियन ओशन’ या आपल्याकडच्या बँडचा बेसिस्ट राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणातल्या विषद्रव्यांवर पीएच.डी. करून आला आणि मग बँडमध्ये शिरला. ‘क्वीन’चा गिटारिस्ट ब्रायन मे याने पीएच.डी. अर्धवट सोडली आणि तीस-पस्तीस वर्षांनी, २००७ मध्ये ती पुरी केली. एकाने आधी केलं, एकाने नंतर. त्यांच्यासारखं नाव होईल म्हणून हे सांगत नाही. पंचविसाव्या वर्षी सगळे दरवाजे एकाच दिवशी लावून घ्यावे लागतात, असं तुझ्या डोक्यात कुठून आलं, एवढंच विचारते आहे.

कानांबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, पण मी सांगणार. ८५ डेसिबल आवाजात रोज आठ तास हे कानांना सोसेल असं मानलं जातं. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं. गाळ्यातली प्रॅक्टिस तिथवर सहज जाते आणि तुम्ही तीन-तीन तास आत असता. कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, त्यांत सूर मंद होत नाहीत, फक्त आवाज उतरतो. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून एकदा श्रवणचाचणी करून घे, म्हणजे पुढे तुलना करायला कागद राहील. लहानपणी कपाटाला टेकवून जे ऐकलंस, त्यावर तुझं पोट चालणार आहे.

मुलगा किंवा मुलगी बोलत नाही, एकटीच गिटार घेऊन बसते, अशी काळजी कळवणारी पालकांची पत्रंही माझ्याकडे येतात. त्यांना एवढंच: मूल वाजवतंय म्हणून त्याला लगेच गणेशोत्सवाच्या स्टेजवर ढकलू नका. एकट्याने वाजवायला लावण्यापेक्षा कोणाच्या तरी साथीला बसवा. साथीत लाजरं मूल पटकन मोकळं होतं, कारण सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर नसतात. ट्रिनिटी, रॉकस्कूल अशा संस्थांच्या संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा द्यायच्या तर द्या, पण त्या मुलाला हव्या असतील तर. आणि दार लोटून घेतलं तर ते तसंच राहू द्या.

आता बाबा.

पत्राच्या दुसऱ्या पानावर तू ओझरतं लिहिलं आहेस, की अकरावीत असताना तुझ्या बेसचा जॅक (वायर जोडायची जागा) सैल झाला होता आणि नवा बसवायला पैसे नव्हते. एका सकाळी तू उठलास तर जॅक झाळून ठेवलेला होता आणि सोल्डरिंग आयर्न टेबलावर अजून गरम होता. बाबा पहिल्या पाळीला निघून गेले होते. त्यावर तुम्ही दोघं आजवर एक शब्द बोलला नाहीत. हे लिहून तू लगेच पुढच्या ओळीत म्हणतोस, ‘त्यांना यातलं काही कळत नाही.’

मी ती ओळ वाचून बराच वेळ थांबले. ज्या माणसाला यातलं काही कळत नाही, त्याने पहाटे उठून तुझा बेस उघडला, आतली तार कुठे सुटली आहे ते शोधलं, ती झाळली आणि तुला झोपेतून उठवलंही नाही. पहिल्या पाळीच्या आधी. घुमेपण तुला कोणाकडून आलं ते मला कळलं.

ब्रायन मेचं नाव वर घेतलं, त्याची एक गोष्ट तुला सांगायची राहिली. १९६३ मध्ये तो शाळकरी पोरगा आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे वडील यांनी घरच्या घरी गिटार बनवायला घेतली, कारण विकतची परवडत नव्हती. मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटरसायकलच्या, एका दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचं बोंड. दोनेक वर्षं लागली. तीच गिटार त्याने आयुष्यभर वाजवली. आणि त्याच वडिलांना, मुलाने बँडसाठी अभ्यास सोडला तेव्हा फार लागलं. गिटार बनवून देणारा बाप आणि ‘हे करू नकोस’ म्हणणारा बाप एकच असू शकतो. तुझ्या बाबांना तर कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलेलं बघावं लागलं आहे. महिन्याच्या सात तारखेला पगार येतो, या वाक्याची किंमत त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळते. ते नाही म्हणाले तर त्यात तुझ्या संगीताचा अपमान नसेल, त्यांच्या त्या वर्षांची भीती असेल. ती ऐकून घ्यायची. ऐकणं तुला येतं.

पण त्यांना तोंडाने सांगायला तुलाच लागेल. आईमार्फत नको, तिच्या गळ्यात हे घालू नकोस. समोरासमोर बसून बोलायची सवय तुम्हा दोघांना नाही, तर बसू नका. तुझ्या बेसमध्ये घरघर येते असं तू लिहिलंस. मागचं झाकण उघडून आत तांब्याची पट्टी लावली आणि अर्थिंग नीट केलं तर बरीच कमी होईल. एखाद्या रविवारी सकाळी तो बेस आणि पेचकस घेऊन बाबांच्या टेबलाशी जा आणि म्हण, ‘बाबा, हे जरा बघता का?’ हात कामात असले की अशा माणसांना बोलणं सोपं जातं. झाकण उघडल्यावर जॅककडे बोट दाखव आणि आधी त्या सकाळचे आभार मान. मग बँडचं सांग. आकडे, तारखा, विमा, मार्चपर्यंतचा बेत, सगळं. ते गप्प राहतील. तू लगेच ‘नाही म्हणाले’ असा अर्थ काढू नकोस. त्यांना दोन-तीन दिवस दे आणि मग तूच परत विचार.

त्यांना शोला बोलाव. पहिल्याच शोला नको, तिसऱ्या-चौथ्याला, तुझे पाय जरा रुळल्यावर, आणि शक्यतो ठाण्यातल्या, घरापासून जवळच्या. नवी मुंबईत असेल तर परतीची शेवटची ठाणे लोकल किती वाजता आहे ते आधी बघून ठेव. त्यांना स्पीकरच्या अगदी समोर उभं करू नकोस, साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी जागा दे, तिथे आवाज सगळ्यात नीट येतो आणि त्यांना बघायला वायरीही असतील. आणि खिशात इअरप्लगची एक जोडी त्यांच्यासाठी ठेव.